भयकथेतले परके आणि आपण

भयकथा हा प्रकार मराठीत वाचला पुष्कळ गेला आणि चर्चिला फार थोडा गेला. वाचनालयात ज्या पुस्तकांची बांधणी सर्वांत आधी खिळखिळी होते, त्यांत ही पुस्तके हमखास असतात. परिसंवादांच्या पंक्तीत मात्र त्यांना पाट मिळत नाही. नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांचे आम्ही तरुणपणापासूनचे वाचक. त्यांच्या कथांनी आम्हांला भिवविले ते कशाच्या बळावर, आणि आदिलाबाद जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या मराठी वाचकाला ती भीती आज कशी दिसते, याचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

धारपांचे सामर्थ्य त्यांच्या साधेपणात आहे. घर परिचयाचे, माणसे नोकरदार, भाषा रोजच्या बोलण्यातली. कोणाच्या तरी लोभाने किंवा कुतूहलाने नको ते दार उघडते आणि मानवी जगाबाहेरचे काही आत शिरते. समर्थकथांत अखेरीस समर्थ येतात आणि आपल्या सामर्थ्याने ते दार पुन्हा लावतात. या कथा वाचून आम्हांला भीती वाटे, पण झोपही लागे. अनिष्ट आले ते बाहेरून, घर मुळात निर्दोष होते, ही खात्री शेवटच्या पानावर परत मिळत असे.

मतकरींनी ती खात्री काढून घेतली. आपल्या कथांना ते गूढकथा म्हणत, आणि ते नाव सार्थ आहे. ‘खेकडा’पासून पुढच्या त्यांच्या कथांत भय बहुधा माणसामाणसांतील नात्यांतून उगवते. सोडवावयास कोणी येत नाही. कथा संपते, पण वाचकाच्या मनात चालूच राहते. विशीत आम्हांला धारप अधिक भयंकर वाटत. साठीनंतर मतकरी वाटू लागले आहेत.

धारपांवर पाश्चात्य भयकथेचा, विशेषतः लव्हक्राफ्टचा, प्रभाव होता हे सर्वश्रुत आहे. लव्हक्राफ्टची (१८९०-१९३७) कल्पनाशक्ती थक्क करणारी खरी. परंतु ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या कथेत न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांची वस्तीच त्याने अघोरी पंथाचे घर ठरविली. धारपांच्या लेखनात असा वंशद्वेष आम्हांला आढळला नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तथापि परक्याचा देव म्हणजे आपले भूत, ही सवय भयकथेच्या परंपरेत खोल मुरलेली आहे. रान, डोंगरापलीकडची वस्ती, अनोळखी पूजा ही सामग्री वाचकास घाबरविण्यासाठी लेखकाच्या सहज हाताशी येते.

आपल्या जिल्ह्यात मात्र ही सामग्री लेखकाला दगा देते. दिवाळीच्या सुमारास गोंड गावांत दंडारी निघते. तीत गुस्साडी असतो: अंगाला राख, डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला मुकुट, खांद्यावर कातडे, हातात काठी. नुसत्या वर्णनावरून कोणीही हे पात्र भयकथेत बसवील. प्रत्यक्षात गुस्साडी येतो तो पाहुणा म्हणून, आणि त्याचे येणे गाव शुभ मानते. मार्लवाईचे कनक राजू यांना या नृत्यासाठीच २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. केसलापूरच्या नागोबाची महापूजा पौष अमावास्येच्या रात्री होते. मेस्राम कुळातील मंडळी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाशी ओळख करून देतात. अमावास्या, रान आणि नाग, सारे साहित्य एकत्र आले आहे. पण तेथे चालते ती सोयरीक.

मग या रानात भयंकर असे काही घडलेच नाही काय? घडले आहे. जंगल राखीव झाले, शेती आणि गुरचराई यांवर बंधने आली, आणि त्या संघर्षात १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर या भागात राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी, गोंडांच्या जमिनी बाहेरून आलेल्यांच्या हाती कशा जात होत्या, हे नोंदवून ठेवले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला पोलिसांचा गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ जण मरण पावले. त्याच्याही मुळाशी जमीन होतीच. या कथेत भूत कोठेच नाही. नकाशावरची रेघ आहे, पट्टा आहे, सावकाराची वही आहे आणि बंदूक आहे. सरकारी कागदांत नोकरी सरल्यामुळे असेल, पण या वस्तूंची भीती आम्हांला कोणत्याही पिशाचाहून अधिक वाटते.

येथे वाचक म्हणून आम्हांस एक प्रश्न पडतो. हीच भयकथा गोंडाच्या घरात बसून सांगितली, तर रात्री दार ठोठावणारा कोण असेल? बाहेरून आलेल्यांत तेलुगू, मुसलमान, मराठी असे सगळेच होते. पैनगंगा ओलांडून आलेली आपली घराणी त्यांतून वगळता येत नाहीत. हा दोषारोप नव्हे. कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहिली जाते, हा समीक्षेचा नेहमीचाच प्रश्न आहे.

मराठीला हे पेलणार नाही असे नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’तील ‘प्रवासी’मध्ये अनोळखी प्रदेशातून चालणाऱ्या परक्यालाच कथेच्या केंद्रस्थानी ठेवले. धारपांच्या कथेवरून स्फुरलेल्या ‘तुंबाड’ (२०१८) या राही अनिल बर्वे यांच्या हिंदी चित्रपटात राक्षस बंदिस्तच असतो. वाड्यातली माणसे हावेपोटी पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडे उतरत राहतात. तेथे घर निर्दोष राहिलेले नाही, आणि म्हणूनच ती भीती खरी वाटते.

२०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले. मार्लवाई आणि जोडेघाट आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहेत. नावे बदलली तरी रान एकच आहे. हायमेनडॉर्फ यांच्या शिक्षणयोजनेत गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली होती. म्हणजे अक्षरांची ओळखही जुनीच आहे. आपल्या घरांतील एखाद्या नव्या लेखणीने या भूमीची गूढकथा लिहावी अशी आमची इच्छा आहे. तिच्यात राख फासलेला माणूस पाहुणा असावा, आणि ज्याच्या चाहुलीने अंगावर काटा यावा, तो दिवसाढवळ्या मोजणीची साखळी घेऊन यावा.