दात्याच्या घरची बाजू : 'स्मृतिचित्रे'चे एक पुनर्वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हटकून बोलल्या जातात. एक, बाईंची निर्मळ, घरगुती मराठी. आणि दुसरी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे औदार्य. पहिलीविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. दुसरीविषयी मात्र आहे. प्रवचनांतून आणि स्मरणलेखांतून टिळकांना ख्रिस्ती दातृत्वाचा आदर्श म्हणून इतक्या वेळा उभे केले गेले आहे की, ही हकिगत आपल्याला सांगितली कोणी आणि सांगणारी व्यक्ती त्या वेळी घरात कोठे उभी होती, याचाच विसर पडतो. ती चुलीपुढे उभी होती.

टिळक प्रॉटेस्टंट मिशनचे. कॅथलिक नियतकालिकाने त्यांच्या घरात डोकवावे काय, हा प्रश्न एके काळी निघाला असता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तैक्याविषयीचा आदेश काढल्यानंतर तो निघू नये. शिवाय मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे इतके खरे चित्र आम्हांला तरी दुसरीकडे आढळलेले नाही.

हे पुस्तक 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. टिळकांच्या मृत्यूला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. एवढ्या अवधीत दिवंगत पतीची मूर्ती घडवून तिला हार घालणे कठीण नसते. बाईंनी ते केले नाही. त्यांचे टिळक देवमाणूस आहेत आणि त्याच वेळी संसाराच्या कामाचे नाहीत. पैसा त्यांच्या हाती टिकत नाही. कोणाची अडचण दिसली की उद्या घरात काय शिजेल, हा प्रश्न त्यांना सुचतही नाही. ते रागावतात, घर सोडून जातात, परततात, मनापासून पस्तावतात. बाई हे सांगताना हसतात आणि आपल्यालाही हसवतात. या हसण्याला विनोदबुद्धी असे नाव देऊन बहुतेक टीकाकार पुढे सरकले. आमच्या मते त्या हसण्यात एक हिशेब आहे. तो कडवटपणे मांडलेला नसला तरी चुकवलेलाही नाही.

हिशेब असा की, दात्याने जे दिले ते कोणाचे होते? ख्रिस्ती परंपरेला हा प्रश्न नवा नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू कुर्बानाच्या प्रथेवर कोरडे ओढतो. आईबापांच्या पोषणाचे धन देवाला वाहिले असे सांगून मोकळे होणाऱ्यांचे दान त्याला मान्य नाही. असिसीच्या तरुण फ्रान्सिसने बापाच्या दुकानातले कापड फोलिन्योच्या बाजारात विकले आणि ते पैसे संत दामियानच्या मोडक्या मंदिरासाठी देऊ केले, तेव्हा बिशपांनी त्याला ते बापाला परत करायला सांगितले. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, अंगावरची वस्त्रेही उतरवून दिली. आपल्या चित्रांतून आणि नाटुकल्यांतून वस्त्रत्यागाचा तो प्रसंग नेहमी असतो. बिशपांचा तो सल्ला सहसा गाळलेला असतो. वास्तविक त्या सल्ल्यावाचून पुढच्या त्यागाला अर्थ येत नाही. बापाचे बापाला देऊन झाल्यावर जे उरले, तेवढेच फ्रान्सिसचे स्वतःचे होते.

टिळकांनी 1917 साली मिशनचा पगार सोडून संन्यास पत्करला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. हे थोर पाऊल होते, यात आम्हांला शंका नाही. पण पगार सोडणारा संसारी असला म्हणजे तो एकट्याचा पगार सोडत नाही. नगरच्या घरात तरुण ठोमरे, पुढचे बालकवी, राहिले. त्यांना तेथे आणण्याचे श्रेय टिळकांच्या काव्यप्रेमाला देण्यात येते आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांना तेथे आई मिळाली ती लक्ष्मीबाईंमुळे. अनाथ मुलांचेही तसेच. दार एकाने उघडायचे आणि पान दुसरीने मांडायचे, अशी ही विभागणी होती. पान मांडणारीचे नाव दानाच्या खात्यात कोणी लिहिले नाही. तिने स्वतःही लिहिले नाही, फक्त त्या दिवसांची हकिगत सांगितली.

तरीही टिळकांवर खटला भरण्याचा आमचा हेतू नाही. त्यांचे सर्वांत मोठे दान कोणते, हे आपण चुकीच्या ठिकाणी शोधतो, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीने तो घेतला 1900 साली. मधली वर्षे ताटातुटीची आणि लोकनिंदेची होती. पुढे दोघे पुन्हा जवळ आली तेव्हाही बाईंनी आपले सोवळे, आपले वेगळे अन्नपाणी सोडले नव्हते, आणि टिळकांनी ते सोडण्याची सक्ती केली नाही. स्वभावाने उतावळा, शब्दाने तापट असा हा माणूस या एकाच बाबतीत थांबून राहिला. पैसा देणे त्यांच्या स्वभावातच होते. त्याला त्यांना कष्ट पडत नव्हते. थांबणे मात्र स्वभावाविरुद्ध होते. आपल्याला गवसलेले सत्य दुसऱ्यावर न लादणे, हे देणे त्यांना खरोखर महाग पडले असणार.

आणि बाईंचे देणे? ज्या घरात त्या वाढल्या, तेथे सोवळ्यापायी धान्यच काय, मीठसुद्धा धुतले जाई. 1857 च्या धामधुमीनंतर घरातल्या एका वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि वडिलांचे मन त्या धक्क्याने सोवळ्यात जाऊन बसले. अशा घरची लेक एके दिवशी स्वतःशीच विचार करून ठरवते की, जातीची ही भिंत देवाने घातलेली नाही. यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. कोणी प्रवचन केले नाही, कोणी अश्रू ढाळले नाहीत. बाईंजवळ देण्याजोगे धन नव्हते. होता तो जन्माने मिळालेला उच्चपणा, तोच त्यांनी देऊन टाकला. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू वस्त्र बाजूला ठेवून शिष्यांचे पाय धुतो, त्याच्या शेजारी ठेवावा असा हा प्रसंग आहे, असे आम्हांला वाटते. विनय आणि औदार्य हे दोन निराळे सद्गुण म्हणून आपण शिकवतो. येथे त्यांच्यात सांधा दिसत नाही.

बाईंच्या विनयाबद्दल आणखी थोडे. आपल्या भाविक लेखनात विनयाची एक ठरीव भाषा आहे : मी पामर, मी अधम, मी धूळ. ती लिहायला सोपी असते, कारण तीत कोणताही विशिष्ट दोष कबूल करावा लागत नाही. लक्ष्मीबाई स्वतःला कोठेही पामर म्हणत नाहीत. त्या आपले अज्ञान, आपली भांडणे, आपला हेका नावानिशी सांगतात आणि पतीचे चुकले तेथे चुकले असेही म्हणतात. स्वतःला हसणे आणि स्वतःचे मत सोडून देणे, यांतला फरक त्यांना पक्का ठाऊक होता. आम्हांला खटकते ते एवढेच की, हसण्याच्या ओघात राग कधी कधी फार लवकर निवतो. जेथे वाचकाला थांबून त्यांच्यासाठी कळवळायचे असते, तेथे त्या पुढच्या गोष्टीला लागलेल्या असतात.

टिळकांचे 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांनंतर त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. पुढचे बहुतांश लक्ष्मीबाईंनी रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या आणि 'स्मृतिचित्रे'च्या शेवटाला पुत्र देवदत्त यांना हात लावावा लागला. त्यांनी ते काम निष्ठेने केले आहे. पण वाचताना जाणवते की, आता सांगणाऱ्याला आईविषयी आदर आहे; आईला स्वतःविषयी तो एवढा नव्हता.