मौन की थांबणे?

आत्मचरित्रात गाळलेली जागा दिसली, की आपली समीक्षा लगेच ‘मौन’ हा शब्द काढते. लेखकाने लपवले, टाळले, किंवा समाजाने बोलू दिले नाही. चौथी शक्यता आपण फारशी विचारात घेत नाही: तो आठवता आठवता थांबला असेल.

थांबणे म्हणजे आठवणी संपणे नव्हे. पी. बी. बॅलर्ड यांनी १९१३ साली लंडनच्या शाळकरी मुलांबाबत हे दाखवले. पाठ केलेल्या कवितेच्या ज्या ओळी पहिल्या खेपेला आठवल्या नाहीत, त्यांतल्या काही नंतर, कविता पुन्हा न वाचताही, मुलांना आठवल्या. मग पहिल्या खेपेला मुले का थांबली? रायमेकर्स आणि शिफरिन यांच्या १९८१च्या प्रतिमानात याचे साधे उत्तर आहे: हाती काहीच न लागलेल्या फेऱ्या साचत जातात, आणि त्या ठरावीक संख्येला पोचल्या की शोध थांबतो. डोहर्टी आणि हार्बिसन यांनी २००७ मध्ये कधी थांबायचे हे माणसांवरच सोपवले. ज्यांना जास्त शब्द आठवले, ते शेवटच्या शब्दानंतर कमी वेळ रेंगाळले. भरल्या हाताने माणूस लवकर उठतो, असे मी ते वाचतो.

शब्दांची यादी म्हणजे आयुष्य नव्हे, हे कबूल. तरी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) मला याच अंगाने वाचावीशी वाटतात. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग एकाला लागून एक येतात. आणि हकीकत रंगात आली असतानाच बाई ती सोडून पुढे निघतात. अशा उड्यांना संकोच म्हणणे सोपे आहे. पण १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले, त्यानंतरची ताटातूट पाहा. दुखरी जागा टाळायची असती, तर सर्वांत मोठी फट तिथेच पडायला हवी होती. तिथे तर त्या ठाण मांडून बसतात, स्वतःची दैना सांगतात, वर स्वतःलाच हसतात. म्हणजे इतरत्र ज्या उड्या आहेत, त्या मला भरल्या हाताने उठण्याच्या वाटतात.

‘मौन’ हा शब्द मी टाकून देत नाही. लेखकाने पत्रांत, मुलाखतींत, पुढच्या आवृत्तीतही तीच जागा पुन्हा पुन्हा वगळली असेल, तर तो जरूर वापरावा. एका पुस्तकातल्या एका फटीवरून मात्र नाही.