सागरी शाश्वतता आणि नवोदित व्यावसायिकांचा सहभाग : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ ते २०३० हा कालखंड शाश्वत विकासासाठी सागरविज्ञानाचे दशक म्हणून घोषित केला. या दशकात नवोदित सागरी व्यावसायिकांसाठी स्वतंत्र जागतिक कार्यक्रम मान्य झाला, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि, त्यातील 'समावेश' या संकल्पनेचा आशय तपासणे अगत्याचे ठरते.

चिकित्सा :
समुद्राशी संबंधित कोणत्याही क्षेत्रात दहा वर्षे वा त्याहून कमी अनुभव असलेली आणि स्वतःला नवोदित मानणारी व्यक्ती या कार्यक्रमात नवोदित ठरते. वयाची अट नाही आणि केवळ संशोधकांपुरती मर्यादाही नाही, हे या व्याख्येचे सामर्थ्य होय. परंतु २०२१ मध्ये या क्षेत्रात आलेली व्यक्ती दशक संपताना या व्याख्येच्या उंबरठ्यावर असेल. समुद्राची तापमानवाढ वा आम्लीकरण यांचा अभ्यास मात्र अनेक दशकांच्या अखंड नोंदींवर अवलंबून असतो. प्रकल्पाच्या मुदतीपुरती नेमणूक आणि परिषदेतील एखादे सत्र यांतून असे सातत्य निर्माण होत नाही.

या संदर्भात भारतातील एक पूर्वानुभव उद्बोधक आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, १९६२ मध्ये, कोचीन येथे जैविक केंद्र सुरू झाले. विविध देशांच्या जहाजांनी गोळा केलेले प्राणिप्लवकांचे नमुने तेथे गटवार वेगळे केले जात. हे किचकट काम नव्या भारतीय संशोधकांनी प्रशिक्षण घेत घेत पार पाडले. मोहीम १९६५ मध्ये संपली. पण १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले आणि कोचीनचे केंद्र तिचे प्रादेशिक केंद्र बनले. आज या संस्थेचे मुख्यालय गोव्यातील दोनापावल येथे आहे. येथे नवोदितांना केवळ व्यासपीठ मिळाले नाही. प्रत्यक्ष जबाबदारी मिळाली आणि त्या जबाबदारीला संस्थेचा आधार लाभला.

अर्थात, त्या मोहिमेची उद्दिष्टे ज्येष्ठांनीच ठरविली होती. आजच्या सागरी प्रश्नांत मासेमारी, किनारी उपजीविका आणि कायदा यांचाही गुंता आहे. त्यामुळे प्रश्नांची निवड आणि निधीचे वाटप या टप्प्यांवरही नवोदितांना निर्णयाधिकार असणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
समावेशाचे मोजमाप उपस्थितांच्या संख्येवरून करणे अपुरे आहे. नवोदितांकडे कोणता निर्णय सोपविला आणि दहा वर्षांनंतर ते काम कोणत्या संस्थेत चालू राहणार, हे त्याचे खरे निकष होत. २०३० नंतर या दशकाचे मूल्यमापन करताना हे दोन प्रश्न टाळता येणार नाहीत.