सातव्या आणि आठव्या चित्राच्या मधे

आजचा विषय ऐकायला लेकरांच्या खेळाचा वाटेल, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक फार जुना वाद दडलेला आहे. लेगोसारखे प्लास्टिकचे ठोकळे टेबलावर मांडायचे, मोबाइलनं एक फोटो काढायचा, ठोकळ्यांचा माणूस जरासा सरकवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. असे फोटो भराभर दाखवले की तो माणूस चालायला लागतो. ह्याला स्टॉप-मोशन म्हणतात. शहरांतून ह्याची शिबिरं होतात, आणि आता उमरीसारख्या तालुक्याच्या गावातले पालकही विचारतात, आमच्या लेकराला हे शिकवावं का? शिकवावं, असंच आमचं मत आहे. पण शिकवायचं म्हणजे नेमकं काय, ते आधी तपासलं पाहिजे.

ही कला आपल्याला परकी आहे असं समजू नका. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, पैसे उभे करण्यासाठी, एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि एकेक चौकट टिपत गेले. ते रोप पडद्यावर बघता बघता वाढलं. पुढं १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यात नट नव्हते, काडेपेटीतल्या काड्याच हलत होत्या. फ्रान्समध्ये एमील कोल यांनी १९०८ सालीच काड्यांवर असा प्रयोग केला होता, तेव्हा कल्पना अगदी पहिली होती असा दावा करायचं कारण नाही. फाळक्यांची ती फिल्म आज उपलब्ध नाही. न पाहिलेल्या कृतीचे गुणदोष सांगणं हा आगाऊपणा होईल. पण त्यांनी साधन कोणतं निवडलं, हे तर आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यावर बोलता येतं.

ह्या दोन फिल्मांत एक मोठा फरक आहे बघा. वाटाण्याला कुणी हलवलं नाही. तो आपल्या धर्मानं वाढला, कॅमेऱ्यानं फक्त वाट पाहिली. काडीला वाढ नाही, इच्छा नाही. दोन चौकटींच्या मधे माणसाचा हात आला आणि त्यानं ती सरकवली. पडद्यावर हात दिसत नाही, पण सगळी हालचाल त्याचीच असते. स्टॉप-मोशन शिकवणं म्हणजे हा न दिसणारा हात शिकवणं, असं आम्ही मानतो.

आता जुना वाद. बौद्ध दार्शनिक म्हणाले, सगळं क्षणिक आहे. दिव्याची ज्योत एक दिसते, पण प्रत्येक क्षणी ती नवी असते. नैयायिकांनी विचारलं, असं असेल तर ‘हीच ती ज्योत’ असं ओळखतो कोण? पहिलं पाहणारा आणि दुसरं पाहणारा एकच असल्याशिवाय ही ओळख, ही प्रत्यभिज्ञा, होणारच नाही. हा वाद आज आम्ही मिटवणार नाही. पण स्टॉप-मोशन करणाऱ्या लेकराच्या टेबलावर दोन्ही पक्ष हजर असतात. फोटो सुटे आहेत, प्रत्येक नवा. त्यांना जोडणारं कोण? तर सातव्या चित्रात पाय कुठं होता हे लक्षात ठेवून आठव्यासाठी तो उचलणारं ते लेकरू.

आता ठोकळ्यांकडं वळू. ठोकळ्याचा मोठा गुण म्हणजे तो जागेवर बसतो. चुकून धक्का लागला तरी पडत नाही, मोडला तरी पुन्हा जोडता येतो. लहान बोटांना हा आधार मोलाचा आहे. १९७३ साली डेन्मार्कमध्ये लार्स आणि हेन्रिक हासिंग ह्यांनी आजी-आजोबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लेगोची चंद्रप्रवासाची फिल्म केली, ती ह्याच गुणाच्या बळावर.

पण दोषही त्याच गुणात आहे. लेगोच्या पाटावरच्या दोन गुंड्यांमधलं अंतर आठ मिलिमीटर असतं. म्हणजे गुंडीवर बसवून न्यायचं तर आठ मिलिमीटरपेक्षा लहान पाऊल टाकताच येत नाही. सेकंदाला बारा चित्रं धरली, तर आकृती सेकंदाला जवळजवळ दहा सेंटिमीटर पळणार. हळू चालवायची तर एकाच जागेचे दोन-दोन फोटो घ्यायचे, आणि मग ती अडखळत चालते. पाऊल केवढं टाकायचं हे लेकराऐवजी कारखाना ठरवतो.

उमरीच्या स्टेशनातून निजामाबादकडं निघणारी गाडी आठवा. आधी ती इतकी हळू हलते की आपण हललो की फलाट, ते कळत नाही. मग अंतर वाढत जातं. ही गाडी ठोकळ्यांची करून दाखवायची तर पहिलं पाऊल एक मिलिमीटरचं, पुढचं दोनचं, मग चारचं हवं. त्यासाठी गुंड्यांचा पाट काढून साधा पुठ्ठा घ्यावा लागतो. हे ज्याला सुचलं, त्या लेकरानं गाडी खरंच पाहिलेली असते.

आमची तक्रार आहे ती शिकवण्याच्या एका पद्धतीवर. गोष्ट डब्यावर छापलेली. कॅमेरा मोठ्यांनी लावलेला. आधीचं चित्र पडद्यावर पुसट दाखवून किती सरकवायचं तेही ॲप सांगणार. लेकरानं बटण दाबायचं. शेवटी फिल्म दाखवली की पालक टाळ्या वाजवणार. हे साहाय्य वाईट नाही हो, पण पहिल्या दिवसापासून दिलं तर लक्षात ठेवायचं काम लेकराकडून काढून घेतलं जातं. मग ते आपल्याच फिल्मचं प्रेक्षक होतं. आणि आता संगणकाला नुसतं सांगितलं तरी ठोकळे नाचवून मिळतात. फिल्म हवी असेल तर ती मिळालीच. लेकरू मात्र जिथल्या तिथं राहिलं.

गंमत बघा, २०१४ सालचा ‘द लेगो मूव्ही’ संगणकावर केलेला आहे, पण तो हातानं केल्यासारखा दिसावा म्हणून करणाऱ्यांनी ठोकळ्यांवर मुद्दाम ओरखडे आणि बोटांचे ठसे दाखवले. तिकडं संगणकवाले हाताच्या खुणा पैदा करताहेत, आणि इकडं शिबिरात एखाद्या फोटोत बोट आलं की बाई तो आधी पुसायला लावतात! पुसायचाच असेल तर पुसा, पण आधी विचारा तरी, बोट इथं का आलं होतं?

तेव्हा पालकांना आमचं सांगणं एवढंच. ठोकळे घरात असतील तर जरूर वापरा. नसतील तर लेकराला थांबवू नका. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करतो ना आपण? तोच बैल घ्या, नाहीतर फाळक्यांच्या काड्या घ्या. मोबाइल दोन विटांच्या मधे घट्ट बसवा. दहा सेकंदांची फिल्म म्हणजे एकशेवीस फोटो, एका दुपारचं काम. मातीचा पाय मधेच तडकेल, श्वासानं काडी हलेल. हलू द्या. झाल्यावर फिल्म छान झाली का, हे विचारू नका. विचारा, सातव्या आणि आठव्या चित्राच्या मधे तू काय केलंस? लेकरू हातानं करून दाखवायला लागलं, तर समजा त्याला शिकवणी लागू पडली.

इथं थांबतो आम्ही. आता तुमचे प्रश्न घेऊ.