षष्ठीचा 'एस्' : एक आक्षेप

आपल्याकडील इंग्रजी व्याकरणांत अनेकवचनाचा व षष्ठीचा 'एस्' हे सख्खे प्रत्यय मानण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस ग्राह्य वाटत नाही. 'किंग्ज ऑफ इंग्लंड' यात अनेकवचन 'किंग' या नामासच लागते. 'द किंग ऑफ इंग्लंड्स डॉटर' यात मात्र कन्या राजाची असूनही षष्ठीचे चिन्ह इंग्लंडला! चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या हस्तलिखितांत बाथच्या स्त्रीची कथा 'वाइव्ह्स टेल ऑफ बाथ' अशी येते. तेथे षष्ठी अजून नामास धरून आहे. पुढे ती पदसमूहाच्या अंती सरकली. येस्पर्सनने 1894 मध्येच याची साक्षेपी चर्चा केली आहे. आपल्या विद्यार्थ्यास हा भेद जाणवत नाही, कारण 'इंग्लंडच्या राजाची' या मराठी पदसमूहात मुख्य नामच शेवटी असते.