फोटो आहेत, पण नावे कुणी लिहायची?

इस्राएलच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा फोटोसंग्रह आता घरबसल्या पाहता येतो. यरुशलेमला केनेसेतच्या शेजारी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ग्रंथालयाची नवी इमारत सुरू झाली, पण फोटो पाहायला तिथवर जाण्याची गरज नाही. नातवंडाकडून संगणकावर ग्रंथालयाचे पान उघडून घेतले की काम झाले. या संग्रहाचा एक मोठा भाग दान हदानी यांच्याकडून आला आहे. पोलंडमधल्या लोद्झ शहरी जन्मलेल्या आणि शोआतून वाचून इथे आलेल्या हदानींनी 1965 मध्ये वर्तमानपत्रांना फोटो पुरवणारी संस्था काढली. तिचे सुमारे 20 लाख फोटो 2016 मध्ये ग्रंथालयाकडे आले. एवढे भांडार सर्वांसाठी खुले केले, याबद्दल ग्रंथालयाचे आभार मानलेच पाहिजेत. तरी आपल्या समाजाचा प्रश्न उरतोच: या लाखो फोटोंत आपण सापडतो का?

उत्तर देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणकाला आपली आजी ओळखता येत नाही. फोटोखाली जी ओळ कुणीतरी लिहून ठेवली, तीच तो वाचतो आणि आपण दिलेला शब्द त्या ओळीत आहे का, एवढेच पाहतो. ओळीत शब्द नसेल, तर फोटो असूनही नसल्यासारखा. तेव्हा फोटोसंग्रहाची पारख करताना फोटो किती, हे विचारण्यापेक्षा त्यांच्याखाली काय लिहिले आहे, हे विचारावे.

आपली पहिली अडचण आपल्या नावातच आहे. हिब्रूत ‘बने इस्राएल’ असा शोध घेतला, तर तोरेतल्या बने इस्राएलपासून आजच्या सगळ्या यहुदी लोकांपर्यंत कुणीही पुढे येऊ शकते, कारण त्या भाषेत त्या शब्दांचा अर्थच तो आहे. मग ‘होदू’ लिहावे, तर तीच अक्षरे भारत देशाची, तीच टर्की पक्ष्याची आणि तीच ‘उपकार माना’ म्हणणाऱ्या तेफिलातल्या शब्दाची! इंग्रजीतही सुख नाही. गेल्या शतकाआधीच्या कागदांत आपण ‘बेनी इस्राएल’ आहोत, नंतर ‘बेने’ झालो, आणि इथे कुणी ‘ब्नेई’ लिहितो. म्हणून एकाच शब्दावर थांबू नये. ‘होदू’बरोबर गावाचे नाव जोडावे: दिमोना, लोद, रामला, बेएर शेवा, अश्दोद. त्याबरोबर साल द्यावे. जाळे जितके लहान, तितका मासा हाती लागण्याचा संभव जास्त.

आडनावांचे हाल याहून वाईट. दिवेकरांचा ‘व’ हिब्रूत वावने लिहायचा की बेतने? किहीमकरांचा ‘क’ काफने की कोफने? ‘ह’साठी हे की हेत? विमानतळावरच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि एकाच घरातल्या दोन भावांची आडनावे दोन तऱ्हेची झाली. पुढे काहींनी आडनाव बदलून हिब्रू नाव घेतले. शोधणाऱ्याने हे सगळे पर्याय एकेक करून पाहावे लागतात.

दुसरी अडचण लिहिणाऱ्याच्या नजरेची. वृत्तछायाचित्रकार बातमीसाठी फोटो काढतो. मंत्री आला, पाहुणा आला, तर ओळ त्याच्या नावाने लिहिली जाते; शेजारी साडी नेसून उभी असलेली बाई ‘भारतातून आलेली ओला’ म्हणून राहते. मलिद्याचे ताट दिसले, तर परक्या माणसाला ती फळांची थाळी वाटणार. एलियाहू हानाबीचा नवस त्याला कसा कळावा? त्याने खोटे लिहिले असे नाही, पण जे लिहिले त्यावरून आपल्या माणसांना आपले फोटो सापडत नाहीत.

तिसरी गोष्ट काळाची. हदानींची संस्था 1965 ची. आपल्या विवाहांच्या प्रश्नावर समाजाने यरुशलेमला दिलेला लढा 1964 चा, आणि बेएर शेवाच्या आपल्या लोकांनी ज्यूइश एजन्सीपुढे धरलेले धरणे त्याच्याही बारा-तेरा वर्षे आधीचे. ते या ठेव्यात मिळाले नाही म्हणून निराश होऊ नये. त्या काळासाठी सरकारी वृत्त कार्यालयाचा राष्ट्रीय फोटोसंग्रह पाहावा. मात्र तो सरकारचा कॅमेरा आहे, हे विसरू नये. स्वागत दाखवण्याची सरकारला जेवढी हौस असते, तेवढी धरणे दाखवण्याची नसते.

चांगल्या ओळीने काय होते, याचे एक जुने उदाहरण देतो. 1856 सालचा मुंबईचा एक फोटो प्रसिद्ध आहे. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशन शाळेतले आणि ज्यूइश इंग्लिश स्कूलमधले शिक्षक त्यात आहेत. शाळा, शहर, साल ही तिन्ही ओळीत आहेत, म्हणून आज कुणालाही तो सापडतो. पण ज्या ओळीसह तो सगळीकडे फिरतो, तीत शिक्षकांची नावे नाहीत. ती आता सांगणार कोण?

माझे मत स्पष्ट आहे. ग्रंथालयाने फोटो जपण्याचे काम उत्तम केले आहे. आपल्यासारख्या लहान समाजाला ते सापडावेत यासाठीचे काम अपुरे आहे. बेने इस्राएल हा स्वतंत्र विषय म्हणून प्रत्येक संबंधित फोटोला जोडावा, नावांची निरनिराळी रूपे नोंदवावीत, आणि मराठी शब्दही स्वीकारावेत. ही मागणी अवास्तव नाही.

पण ओळखीचे काम ग्रंथपाल करू शकत नाही. 1960 च्या फोटोतला मुलगा कोणत्या घरचा, मागे दिसणारे सिनेगॉग मुंबईच्या सॅम्युएल स्ट्रीटवरचे शार हारहमीम की अलिबागचे मागेन आबोत, हे आपल्यातले सत्तरी-ऐंशी ओलांडलेलेच सांगू शकतात. म्हणून ओळखीचा फोटो दिसला, तर त्या नोंदीचा क्रमांक वहीत उतरवा. डावीकडून उजवीकडे नावे लिहा, गाव लिहा, खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह टाका, आणि तो कागद ग्रंथालयाला पाठवा. घरातल्या फोटोंच्या मागेही पेन्सिलीने तेवढेच लिहा. पुढच्या पिढीकडे यंत्रे आपल्यापेक्षा चांगली असतील, पण ही नावे त्यांना आपण लिहून ठेवली तरच मिळतील.