गोतावळा तुटला, तो कोणाचा?

आनंद यादव यांची ‘गोतावळा’ ही कादंबरी १९७१ साली प्रसिद्ध झाली. मळ्यात ट्रॅक्टर येतो, एकेक जनावर दावणीवरून जाते आणि नारबाचा गोतावळा तुटतो. आपल्या समीक्षेने हिला बहुधा यंत्र आणि निसर्ग यांच्या झगड्याची कथा मानले. हे वाचन खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या घराण्यात पहिला पदवीधर मी. आधीच्या पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबल्या. त्यामुळे वर्गात ही कादंबरी शिकवताना मला वेगळाच प्रश्न पडतो.

नारबा मालक नाही, गडी आहे. ट्रॅक्टर आणण्याचा निर्णय त्याचा नाही. मालकाच्या हिशेबात हा बदल शहाणपणाचाच आहे. बैल बारा महिने खातो, औताला मात्र थोडे दिवस लागतो. पण जनावरे गेली की त्यांच्यामागचा गडीही जादा ठरतो. यादवांनी सारी कथा गड्याच्या तोंडून सांगितली, हे त्यांचे मोठेपण. समीक्षेने मात्र नारबाचे जनावरांवरचे प्रेम तेवढे ऐकले. त्याच्या पोटाचा प्रश्न तिच्या कानी गेला नाही.

‘शेतकरी परिस्थितीशी जुळवून घेतो’ हे वाक्य आज सरकारी अहवालापासून साहित्यसंमेलनापर्यंत सगळीकडे ऐकू येते. जुळवून घेणारा कोण आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे विचारलेच पाहिजे. मराठवाड्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन पसरले. त्याला कारणे आहेत. सोयाबीन साडेतीन महिन्यांत हाती येते, रोख पैसा देते. ज्वारीची काढणी कष्टाची आणि भाव बेभरवशाचा. परंतु ज्वारीबरोबर कडबा यायचा, आणि काढणीला गेलेल्या बाईच्या पदरात मजुरी म्हणून धान्य पडायचे. सोयाबीनची कापणी उक्ती, रोख पैशांची. म्हणजे भाकरी दुकानातून आणायची. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. कडबा महागला की गोठा रिकामा होतो. भूमिहीनाकडे उरते ती शेळी, आणि शेळीला गायरान लागते. त्याच गायरानावर पोटासाठी कसायला बसलेला भूमिहीनही आपलाच माणूस असतो. असे दोन उपाशी एकमेकांसमोर उभे राहतात. बांधाआतला सातबारा शाबूत राहतो.

बैलाचेही तसेच. १९७६ च्या कायद्याने राज्यात गोहत्येला बंदी होती. थकलेला बैल मात्र दाखला घेऊन विकता येई. मार्च २०१५ मध्ये बैलही बंदीत आला. म्हाताऱ्या बैलाच्या पैशात नव्या जोडीची थोडी भर पडायची, ती वाट बुजली. ज्याला परवडते तो भाड्याचा ट्रॅक्टर लावतो. कातड्यावर पोट असलेल्याने आणि जनावरांच्या व्यापाऱ्याने काय करावे, याचा विचार कायदा करताना झाला नाही.

पाऊस हुकला की बीडकडची माणसे कोयता घेतात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’; मुकादमाची उचल आधी घ्यायची आणि हंगामभर फेडायची. यालाही जुळवून घेणेच म्हणतात! दिवाळीनंतर वर्गातले काही बाक रिकामे होतात, तेव्हा या शब्दाचा अर्थ मला शब्दकोश न उघडता कळतो.

आपल्या साहित्यात हे आलेच नाही, असे मी म्हणणार नाही. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळ पडतो आणि धनगर मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला शिकलेला एकनाथ शेती आणि नोकरी यांच्यामध्ये चिरडला जातो. त्या कुणबी घराच्या दुःखाशी माझे भांडण नाही. ते खरे आहे. पण त्याच गावात सातबारा नसलेलेही एक घर असते. तिथे कर्जही मिळत नाही, म्हणून कर्जमाफीही नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) उपासमार आली तेव्हा माणसे धान्य लुटायला उठली. तिथे भुकेशी जुळवून घेण्यास नकार आहे. हा नकार दलित साहित्याने आत्मकथनांत जपला. शेतीच्या प्रश्नाकडे मात्र आपणही पुरेसे वळलो नाही. शेती म्हणजे त्यांचा विषय, असे मानून आपण ते क्षेत्र ग्रामीण साहित्यावर सोडून दिले.

ते आता परत घेतले पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. तो लढा आपल्या लोकांचा होता आणि तो शेतीचाच होता. आपल्या लेखकांनी पीक बदलल्याची, गोठा मोडल्याची गोष्ट खुरपणाऱ्या बाईच्या बाजूने लिहावी. समीक्षकांनीही यापुढे ग्रामीण कादंबरी हाती घेताना आधी एवढे पाहावे, की तिच्यातला बदल ठरवला कोणी आणि सोसला कोणी. या कसोटीवर ‘गोतावळा’ उतरते. आपण केलेले तिचे वाचन उतरत नाही.